दंतचिकित्सेतील हयगय व नुकसानभरपाई

दात, हिरड्या किंवा जबडा यांवर उपचार करताना दंतवैद्याने अपेक्षित कौशल्य वा काळजी न वापरल्यामुळे रुग्णास इजा झाली, तर त्या इजेबद्दल विधीच्या आधारे मागितली जाणारी दाद हा या विषयाचा गाभा होय. अशा दादीची तीन अंगे आहेत : दोषी व्यक्तीस शिक्षा, तिच्या व्यवसायाधिकारावर नियंत्रण आणि इजा झालेल्या व्यक्तीस भरपाई. ही तीन अंगे एकाच वेळी निर्माण झालेली नाहीत. शिक्षा सर्वांत प्राचीन आहे, व्यावसायिक नियंत्रण मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून हळूहळू वाढत गेले आणि रुग्णाच्या स्वतःच्या हाती पडणारी भरपाई ही प्रामुख्याने गेल्या अडीचशे वर्षांतील घडण आहे. आजही ही तीन अंगे वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे विभागलेली असून एकाकडे मिळालेले यश दुसरीकडे आपोआप उपयोगी पडत नाही. उपचार अयशस्वी होणे आणि उपचारात हयगय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व मात्र बहुतेक विधिपद्धतींनी मान्य केले आहे.

इजेचे स्वरूप : दंतोपचारातील इजा बहुधा प्राणघातक नसते, पण ती दीर्घकाळ टिकू शकते. खालच्या जबड्यातून जाणारी तंत्रिका (मज्जा) दाढांच्या मुळांखालून पुढे जाऊन खालच्या ओठास व हनुवटीस संवेदना पुरविते. अक्कलदाढ काढताना किंवा कृत्रिम दंतमूळ बसविताना तिला धक्का लागल्यास ओठ बधिर होतो. जिभेची संवेदना वाहून नेणारी तंत्रिकाही अक्कलदाढेच्या अगदी जवळून जाते. अशी बधिरता पुष्कळदा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते, तथापि काही रुग्णांत ती कायम राहते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीस लागून असल्याने दात काढताना तोंड व ती पोकळी यांमध्ये छिद्र पडू शकते. मुळाच्या नळीवरील उपचारात बारीक कानस आत मोडून राहणे, मुळास भोक पडणे किंवा नळी धुण्याचे दाहक द्रावण मुळाच्या टोकाबाहेर जाऊन चेहऱ्यास सूज येणे, हेही संभवते. भलताच दात काढला जाणे, मुळाचा तुकडा आत राहून पू होणे, जबडा निखळणे वा मोडणे, सुटलेला दात अथवा उपकरण श्वासनलिकेत जाणे आणि भुलीमुळे मृत्यू ओढवणे हे आणखी काही प्रकार होत.

यांतील प्रत्येक घटना हयगयीमुळेच घडते असे नाही. ठिसूळ हाडातील वाकड्या मुळाची दाढ काढताना निष्णात हातूनही जबड्याला तडा जाऊ शकतो. उलटपक्षी, बाहेरून क्षुल्लक दिसणाऱ्या इजेचे मोल रुग्णाच्या जीवनक्रमावरून ठरते. ओठाची बधिरता कारकुनास केवळ गैरसोयीची वाटेल, सनई वाजवून पोट भरणाऱ्याची मात्र ती उपजीविकाच हिरावून घेते. दाताची इजा ‘लहान’ समजली जाण्याची ही प्रवृत्ती दादीच्या इतिहासात वारंवार आडवी आलेली दिसते.

प्राचीन विधी : बॅबिलोनियाचा राजा हामुराबी याच्या संहितेत (इ. स. पू. सु. १७५०) दात आणि वैद्य या दोहोंसंबंधी तरतुदी आढळतात. समान दर्जाच्या माणसाचा दात पाडणाऱ्याचा दात पाडावा, खालच्या दर्जाच्या माणसाचा पाडल्यास एक तृतीयांश मिना चांदी द्यावी, असा नियम होता. शस्त्रक्रियेत प्रतिष्ठित नागरिकाचा मृत्यू झाला किंवा त्याचा डोळा गेला, तर वैद्याचे हात तोडावेत. दासाचा मृत्यू झाल्यास मात्र वैद्याने बदली दास द्यावा आणि दासाचा डोळा गेल्यास त्याच्या निम्म्या किंमतीइतकी चांदी द्यावी, असे तीत सांगितले आहे. म्हणजे वैद्याच्या चुकीबद्दल भरपाई होती ती दासाच्या बाबतीत, आणि तीही त्याच्या मालकाला. स्वतंत्र रुग्णाच्या वाट्याला केवळ वैद्याची शिक्षा येई.

भारतीय ग्रंथांपैकी कौटिलीय अर्थशास्त्रात याविषयी सूक्ष्म विचार आढळतो. प्राणाला धोका असलेल्या रोगावर पूर्वसूचना न देता उपचार केले व रुग्ण दगावला, तर वैद्यास पूर्वसाहस दंड. चुकीच्या उपचारामुळे दगावला, तर मध्यमसाहस दंड. मर्मस्थानी इजा किंवा व्यंग निर्माण केल्यास तो दंडपारुष्याचा, म्हणजे शारीरिक दुखापतीचा, अपराध समजावा, असे कौटिल्य सांगतो. धोक्याची पूर्वसूचना देणे हे वैद्याचे कर्तव्य मानले गेले होते, हे येथे विशेष लक्षणीय आहे. मनुस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती यांतही मिथ्या चिकित्सा करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला असून मनुष्याच्या बाबतीत तो मध्यम प्रतीचा आहे. मारहाणीत अवयवाला इजा झाल्यास अपराध्याने जखमीला बरे होण्याचा खर्च, म्हणजे समुत्थानव्यय, द्यावा असे मनूने वेगळ्या प्रकरणात म्हटले आहे. भरपाईची कल्पना स्मृतिकारांना अपरिचित नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. तथापि वैद्याविषयीच्या श्लोकांत केवळ दंड आहे आणि दंड राजाकडे जाई.

सुश्रुतसंहितेत दात काढण्याची क्रिया व तिचे धोके वर्णिले आहेत. वरचा दात हलत असला, तरी तो काढू नये. कारण अतिरक्तस्रावाने दृष्टिनाश, चेहऱ्याचा पक्षाघात यांसारखे विकार उद्‍भवतात, असा इशारा तीत दिला आहे. वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन व्यवसायात उतरावे, असेही सुश्रुत सांगतो. कोणत्या प्रसंगी हात आवरावा हे शास्त्राने आधीच सांगितले असेल, तर त्याचे उल्लंघन हीच चूक ठरते. आधुनिक विधीतील व्यावसायिक प्रमाणाची कल्पना याच स्वरूपाची आहे.

रोमन विधीत इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ॲक्विलियन कायद्याखाली मालमत्तेच्या, आणि म्हणून दासाच्याही, नुकसानीबद्दल दावा लावता येई. कौशल्याचा अभाव हाही दोषच होय, हे रोमन विधिज्ञांनी वैद्यांच्या संदर्भात मांडलेले तत्त्व पुढे यूरोपीय विधीत रुजले.

यूरोपातील घडण : मध्ययुगीन यूरोपात दात काढण्याचे काम न्हावी व जत्रांतून फिरणारे दात-उपटे करीत. जत्रा उठली की तेही गाव सोडत, त्यामुळे मोडलेल्या जबड्याबद्दल जाब कोणाला विचारावयाचा हाच प्रश्न असे. फ्रान्समध्ये १६९९ च्या राजाज्ञेने दातांवर उपचार करणाऱ्यांना परीक्षा देणे आवश्यक ठरविण्यात आले. प्येअर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंतचिकित्सेची शास्त्रशुद्ध मांडणी केली, तसेच भोंदू दंतवैद्यांच्या लबाड्याही उघड केल्या. व्यवसायाला लिखित प्रमाण लाभले, तेव्हाच त्या प्रमाणापासून ढळणे सिद्ध करता येऊ लागले.

इंग्लंडमध्ये १७६७ साली एका गाजलेल्या दाव्यात, जुळत आलेले पायाचे हाड रुग्णाच्या संमतीवाचून पुन्हा मोडून नवे उपकरण वापरणाऱ्या शल्यचिकित्सक व औषधविक्रेत्याविरुद्ध ५०० पौंडांची भरपाई मंजूर झाली. शल्यचिकित्सकांच्या प्रचलित रीतीविरुद्ध वागणे हे अकौशल्य होय, असे न्यायालयाने मानले. १८३८ मधील दुसऱ्या एका खटल्यात न्यायाधीश टिंडल यांनी व्यावसायिकाकडून सर्वोच्च नव्हे, तर वाजवी व पुरेसे कौशल्य अपेक्षित असल्याचे स्पष्ट केले. लंडनच्या उच्च न्यायालयासमोरील १९५७ च्या बोलम खटल्यात या विचारास निश्चित रूप आले : त्या शाखेतील जबाबदार व्यावसायिकांच्या एखाद्या गटाने योग्य मानलेल्या पद्धतीनुसार वागणारा व्यावसायिक हयगयीचा दोषी ठरत नाही.

हे नियम दंतवैद्यांना लागू करताना इंग्लिश न्यायालयांनी काही उपयुक्त भेद केले. १९४३ मध्ये अपील न्यायालयाने कवळीच्या एका वादात असे ठरविले, की पैसे घेऊन बनविलेली कवळी वापरण्यास वाजवी रीत्या योग्य असलीच पाहिजे, ही अट करारात गृहीतच असते. कवळी बसत नसेल, तर दंतवैद्याने काळजी घेतली होती किंवा नाही हा प्रश्नच गौण ठरतो. याउलट, १९४८ च्या एका दाव्यात दात काढताना मुळाचा तुकडा आत राहिला व जबडा मोडला, तरी तेवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही, असा निर्णय झाला. १९६३ मध्ये दात काढताना निखळलेला जबडा नंतरच्या भेटींतही ओळखू न शकलेल्या दंतवैद्यास जबाबदार धरण्यात आले. निखळणे हा दोष नव्हता, ते लक्षात न येणे हा होता. रुग्णाच्या तक्रारीकडे उपचारानंतर कसे पाहिले गेले, यालाही त्यामुळे महत्त्व आले.

व्यवसायावरील नियंत्रण याच सुमारास दृढ होत गेले. ब्रिटनमध्ये १८७८ च्या अधिनियमाने ‘दंतवैद्य’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींपुरती राखून ठेवली. पण इतरांना दात काढण्यास बंदी झाली ती १९२१ मध्ये. तेव्हाही परीक्षा न दिलेल्या अनेक जुन्या व्यावसायिकांना नोंदणीत सामावून घ्यावे लागले. १९५६ मध्ये दंतव्यवसायासाठी स्वतंत्र सर्वसाधारण परिषद स्थापन झाली.

ब्रिटिश भारत : भारतात इंग्रजी अमदानीत वैद्यकीय हयगयीला प्रथम फौजदारी विधीची चौकट मिळाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘जबर दुखापत’ या संज्ञेची जी व्याख्या केली, तीत हाड किंवा दात मोडणे वा निखळणे यांचा उल्लेख होता. दाताची इजा ही विधीच्या दृष्टीने क्षुल्लक नाही, हे अशा रीतीने संहितेतच नमूद झाले. हयगयीने दुखापत व जबर दुखापत करण्याबद्दल अनुक्रमे ३३७ व ३३८ ही कलमे होती, तर हयगयीने मृत्यू घडविण्याबद्दलचे ३०४ अ हे कलम १८७० मध्ये घालण्यात आले. दुसऱ्या बाजूने, रुग्णाच्या संमतीने व त्याच्या हितासाठी सद्‍भावपूर्वक केलेल्या कृत्यास कलम ८८ ने संरक्षण दिले. दंडाच्या रकमेतून जखमी व्यक्तीस भरपाई देण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयांना होता, तथापि तिचा मुख्य रोख शिक्षेवरच राहिला.

दंतव्यवसायाचे नियमन त्या मानाने उशिरा झाले. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यांसंबंधी अधिनियम झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दंतवैद्य अधिनियम देशासाठी संमत होऊन १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. राज्य परिषदांच्या नोंदवह्यांचे दोन भाग करण्यात आले : अ भागात मान्य अर्हता असलेले आणि ब भागात अर्हता नसूनही विहित तारखेपूर्वी किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणारे. ब्रिटनमधील १९२१ च्या तडजोडीचेच हे भारतीय रूप होय. नोंदणी नसलेल्यांना व्यवसाय करण्यास अधिनियमाने मनाई केली. तरीही पदपथावर कवळ्या मांडून बसणारे दात-उपटे शहरांतून दीर्घकाळ दिसत राहिले. गरीब रुग्ण त्यांच्याकडे जाई, आणि इजा झाल्यास त्याला पावती, नोंद किंवा पत्ता यांपैकी काहीच दाखविता येत नसे.

व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल दंतवैद्याचे नाव नोंदवहीतून कमी करण्याचा अधिकार राज्य परिषदेस मिळाला. दंतवैद्यांसाठी आचारसंहितेचे विनियम १९७६ मध्ये व सुधारित स्वरूपात २०१४ मध्ये जारी झाले. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. १९४८ चा अधिनियम रद्द करून परिषदेच्या जागी आयोग आणण्याची आणि आचार व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याची तरतूद त्यात आहे. परिषदेकडे केलेली तक्रार भावी रुग्णांचे रक्षण करू शकते. तक्रारदाराला पैशाची भरपाई देणे मात्र परिषदेच्या अधिकारात नव्हते.

दिवाणी दावे : भरपाईसाठी दिवाणी न्यायालय हाच दीर्घकाळ एकमेव मार्ग होता. या संदर्भातील भारतीय विधीचा पाया महाराष्ट्रातील एका खटल्याने घातला. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर मे १९५३ मध्ये अपघात होऊन मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणास पुण्यातील रुग्णालयात आणण्यात आले. पुरेशी भूल न देता अवाजवी जोर लावून हाड बसविण्यात आल्याने तो धक्क्याने मरण पावला, असा न्यायालयांचा निष्कर्ष झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ३,००० रुपयांच्या भरपाईचा हुकूमनामा कायम केला. रुग्ण स्वीकारावा किंवा नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा या तिन्ही बाबतींत वैद्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, हे ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या निर्णयातील सूत्र दंतवैद्यांनाही तितकेच लागू पडते.

या निर्णयाने तत्त्व स्पष्ट झाले, पण कालहरणही उघड झाले. अपघातापासून अंतिम निकालापर्यंत पंधरा वर्षे लोटली होती. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापडाचा बोळा राहून एक स्त्री दगावली. तिच्या कुटुंबीयांचा ३६,००० रुपयांचा हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयाने पुनःस्थापित केला तो १९९६ मध्ये. आपल्या नोकरांच्या हयगयीबद्दल राज्य शासन जबाबदार आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. परंतु त्यास तेहतीस वर्षे लागली. मृत्यूच्या प्रकरणांची ही स्थिती असताना, मोडलेल्या दाताबद्दल मागणीच्या प्रमाणात वाढणारे न्यायालय-शुल्क भरून दावा लावणे सामान्य रुग्णास परवडणारे नव्हते.

ग्राहक संरक्षण : १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर तक्रार-निवारणाची यंत्रणा उभारली. वैद्यकीय सेवा तीत येते किंवा नाही, याविषयी सुमारे नऊ वर्षे मतभेद होते. ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी निर्णय दिला, की मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या अधिनियमाच्या कक्षेत येते. वैद्य आपल्या परिषदेच्या शिस्तीस पात्र असतो, हे त्यास अपवाद करण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्या ठिकाणी सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते, ती ठिकाणे मात्र वगळली गेली. काही रुग्णांकडून शुल्क घेऊन इतरांना मोफत उपचार देणाऱ्या संस्थेतील मोफत रुग्णासही तक्रारीचा हक्क मिळाला. दंतचिकित्सा बव्हंशी खाजगी दवाखान्यांतून शुल्क घेऊन केली जात असल्यामुळे या निर्णयाचा परिणाम तिच्यावर विशेष झाला.

पुढील निर्णयांनी या हक्काला आकार दिला. एका चिकित्सापद्धतीत नोंदणी असलेल्याने दुसऱ्या पद्धतीने उपचार करणे ही स्वतःच हयगय होय, असे १९९६ मध्ये मुंबईतील एका प्रकरणावरून ठरले. २००८ मध्ये संमतीविषयी निर्णय देताना न्यायालयाने म्हटले, की तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे आणि उपचाराचे स्वरूप, पर्याय व ठळक धोके रुग्णास आधी सांगितले पाहिजेत. दुखणारी दाढ काढण्यास मान तुकविणारा रुग्ण शेजारची दाढ काढण्यास संमती देत नाही, हे त्यावरून उघड होते. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाची साक्ष आवश्यक नाही, दोष उघड असल्यास तिच्यावाचूनही निर्णय देता येतो, असे २०१० मध्ये सांगण्यात आले.

१९८६ च्या अधिनियमाची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली व तो जुलै २०२० मध्ये अंमलात आला. नव्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नाही म्हणून वैद्यकीय सेवा वगळली गेली, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. विलंबाचे पुरेसे कारण दाखविल्यास ती नंतरही दाखल करून घेता येते. आयोगाची पातळी आता मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे जातात आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नसते. यामुळे दंतोपचाराविषयीची जवळजवळ प्रत्येक तक्रार रुग्णाच्या स्वतःच्या जिल्ह्यात, विनाशुल्क दाखल होऊ शकते. नोटिशीनंतर सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत निकाल द्यावा, अशी विधीची अपेक्षा आहे. ती पुष्कळदा पुरी होत नाही.

फौजदारी कारवाईच्या मर्यादा : रुग्णांचे नातलग थेट पोलिसांकडे जाऊ लागल्याने वैद्यकव्यवसायात भीतीचे वातावरण निर्माण झाले. ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिवाणी व फौजदारी हयगयीतील अंतर स्पष्ट केले. शिक्षेसाठी साधी चूक पुरेशी नाही, हयगय ठळक व गंभीर स्वरूपाची असली पाहिजे. तपासणी अधिकाऱ्याने शक्यतो शासकीय सेवेतील, त्या शाखेच्या निःपक्षपाती वैद्याचे मत घ्यावे आणि गरज नसताना अटक करू नये, असेही सांगण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. नोंदणीकृत वैद्याकडून उपचाराच्या ओघात मृत्यू घडल्यास ती मर्यादा दोन वर्षे आहे. जबर दुखापतीच्या व्याख्येत दाताचा उल्लेख याही संहितेत कायम आहे.

पुराव्याचा प्रश्न : दादीचे यश अखेर पुराव्यावर अवलंबून असते आणि दंतोपचारात पुरावा सहज नष्ट होतो. काढलेला दात टाकून दिला जातो, पोखरलेला भाग उपचारातच कोरला जातो आणि रुग्णास स्वतःच्या तोंडातले दिसत नाही. या बाबतीत तंत्रविद्येने मोठी भर घातली. रंटगेन यांच्या १८९५ मधील क्ष-किरणांच्या शोधानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मन दंतवैद्य ओटो वॉल्कहोफ यांनी दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. अडकलेले मूळ, मोडलेली कानस किंवा तंत्रिकेच्या मार्गात घुसलेले कृत्रिम दंतमूळ तेव्हापासून न्यायालयास दाखविता येऊ लागले. दातांना क्रमांक देण्याच्या पद्धतींनीही मदत केली. झिग्मोंडी यांनी १८६१ मध्ये सुचविलेल्या पद्धतीनंतर १९७० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय दंत महासंघाने दोन अंकी पद्धत स्वीकारली. एकाच दाताला दोन दवाखान्यांनी भिन्न क्रमांक दिल्यास भलताच दात काढला जाण्याचा धोका संभवतो. म्हणून कागदावरील क्रमांक हा उपचाराचा भाग असतो, तसाच पुढे तो पुरावाही होतो.

उपचारापूर्वीचे व नंतरचे क्ष-किरण चित्र, दिनांकासह पावती, संमतिपत्र, औषधांची चिठ्ठी आणि दुसऱ्या दंतवैद्याने लवकर केलेल्या तपासणीची नोंद, ही कागदपत्रे सामान्यतः निर्णायक ठरतात. ती नसल्यास खऱ्या इजेचीही भरपाई मिळणे कठीण होते. व्यवस्थित नोंदी ठेवणाऱ्या दंतवैद्याचे खोट्या आरोपापासून रक्षणही त्याच करतात. भरपाई ठरविताना झालेला खर्च, दुरुस्तीच्या उपचाराचा खर्च, बुडालेले उत्पन्न, वेदना आणि विद्रूपता यांचा विचार होतो. दुसऱ्या दंतवैद्याने सहव्यावसायिकाविरुद्ध लेखी मत देण्यास नाखुषी दाखविणे, ही मात्र रुग्णापुढील जुनी अडचण होय.

दोषनिरपेक्ष भरपाई : दोष सिद्ध करण्याच्या या ओझ्यामुळे काही देशांनी वेगळा मार्ग अवलंबिला. न्यूझीलंडमध्ये १९७२ च्या अधिनियमानुसार १९७४ पासून अपघाती इजेबद्दल सार्वजनिक निधीतून भरपाई मिळू लागली. पुढे उपचारातील इजेचाही त्यात समावेश झाला आणि २००५ पासून तिच्यासाठी कोणाचा दोष सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. स्वीडनमध्ये १९७५ साली रुग्णविमा योजना सुरू झाली व टाळता येण्याजोगी इजा हा तिचा निकष ठरला. ब्रिटनमध्ये खाजगी दंतोपचाराविषयीच्या तक्रारी न्यायालयाबाहेर मिटविण्यासाठी २००६ मध्ये वेगळी सेवा सुरू करण्यात आली. अशा योजनांत रुग्णास लवकर मदत मिळते आणि चूक लपविण्याचे कारण कमी होते. मात्र भरपाईची रक्कम बहुधा मर्यादित असते.

भारतात अशी सर्वसाधारण योजना नाही. शुल्क भरलेला रुग्ण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. पूर्णतः मोफत सेवा देणाऱ्या शासकीय रुग्णालयातील रुग्णास दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. नोंदणी नसलेल्या दात-उपट्याकडे गेलेल्यास कायद्याने हक्क असला, तरी ज्याच्याकडून तो वसूल करावयाचा त्या माणसाचा पुष्कळदा पत्ताच नसतो. हामुराबीच्या संहितेत भरपाई रुग्णाच्या दर्जावरून ठरे. आधुनिक विधीने दर्जाचा हा भेद नष्ट केला आहे, तथापि उपचार कोठे व किती पैसे देऊन घेतला, यावरून दादीची वाट अजूनही बदलते.